बरणीपलीकडचा पाहुणा

मी एक बरणी. काचेची, बुटकी, बिनझाकणाची. तुमच्या घरात माझ्यासारख्या चार तरी असतील आणि त्यांच्याकडे तुम्ही कधी वळूनही पाहिलं नसेल. माझं तसं नाही. माझ्यामुळे एका कुत्र्याचा कान जागेवर आला आणि एका म्हाताऱ्या बाईंची रिकामी खुर्ची पुन्हा भरली. बढाई वाटत असेल तर वाटू द्या. आधी सगळं ऐका, मग ठरवा.

माझा जन्म भट्टीत झाला. लालभडक काचेचा एक गोळा साच्यात पडला, आत हवेची जोरदार फुंकर बसली आणि मी झाले. माझ्या पुढे-मागे रांगेत माझ्याच तोंडवळ्याच्या शेकडो बहिणी होत्या. माझ्या बुडाशी तेवढा हवेचा एक बारीक बुडबुडा राहून गेला. तपासणाऱ्या माणसाला नेमकी तेव्हाच शिंक आली, म्हणून मी सुटले.

सुरुवातीला माझ्यात जॅम होता. ते दिवस गोड होते, पण फार थोडे. ज्या घरात गेले तिथे तीन मुलं होती. नवव्या दिवशी मधला मुलगा कोपरापर्यंत हात घालून माझा तळ पुसत होता. मग मला धुतलं, माझ्यात खिळे भरले आणि माळ्यावर टाकलं. तिथे सात वर्षं काढली. खिळ्यांना बोलायला काही नसतं. नुसते गंजत बसतात. त्यांच्या संगतीने माझं झाकणही गंजून गेलं. कधी कुणाला आठवण झालीच तर ती खिळ्यांची व्हायची.

त्या घरातली अडगळ बाहेर निघाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या खोक्यापाशी एक उंच माणूस थांबला. मला उचलून त्याने उजेडात धरलं.

"ही घेऊ का?" त्याने विचारलं. इतक्या हळू, की दारातल्या बाईंनी दोनदा "काय?" केलं.

तो पेंटर. सगळे त्याला पेंटरच म्हणतात. त्याची थोरली बहीण, ताई, तेवढी त्याला घुम्या म्हणते. पेंटर पूर्वी गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचा. त्याचा आठाचा आकडा बघायला इतर पेंटर यायचे म्हणे. मग मशीनवर कापलेले चिकट आकडे आले आणि हाताने रंगवलेले आकडे कुणाला नकोसे झाले. पेंटर घरी बसला. ताई पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालवते. एकदा कपड्यांचं माप द्यायला आलेल्या बाईंबरोबर त्यांची कुत्री होती. माप होईपर्यंत ती कापडाच्या गठ्ठ्यावर झोपली. पेंटरने समोरच्या कागदावर तिला जलरंगात उतरवलं. बाई कपडे विसरून ते चित्र घेऊन गेल्या. तेव्हापासून पेंटर लोकांच्या घरचे कुत्रे रंगवतो, आणि माझ्यात ब्रश धुतो.

हे काम सोपं नाही बरं का. पेंटर पांढरा रंग वापरतच नाही. पांढरं हवं तिथे कागद कोरा ठेवतो. कुत्र्याच्या डोळ्यातली चमक म्हणजे मोहरीएवढी न रंगवलेली जागा. ती एकदा बुजली की कुत्रा मेलाच म्हणून समजा. म्हणून पाणी स्वच्छ लागतं. एका कुत्र्याचं पाणी दुसऱ्याला लावायचं नाही, हा पेंटरचा नियम. एकदा कामाच्या तंद्रीत त्याने ब्रश चहात बुचकळला आणि चहा समजून मला तोंडाला लावलं. ताई हसून हसून मशीनवर पडली. "प्यायलास ना कुत्रा?" ती म्हणाली. "आता भुंकून तरी दाखव. तेवढाच आवाज ऐकू दे तुझा!"

माणसंही मी पुष्कळ पाहिली. ज्या फोनमध्ये सख्ख्या वडिलांचा एक धड फोटो नसतो, त्यात कुत्र्याचे चारशे असतात. प्रत्येकजण सांगतो, "ह्याचे डोळे अगदी बोलतात हो." दोन भाऊ तर एकमेकांचं तोंड बघत नव्हते, पण दोघांनी वेगवेगळ्या दिवशी येऊन एकाच म्हाताऱ्या कुत्र्याचं चित्र सांगितलं. पेंटरने दोघांना एकाच वेळी न्यायला बोलावलं. मुद्दाम की चुकून, ते मी सांगणार नाही.

आता मुख्य गोष्ट.

एके दुपारी कंडक्टरबाई आल्या. ड्यूटी संपवून तशाच, खाकी कपड्यांत, छातीवर बिल्ला. त्यांच्या हातात फोन होता.

"एकच फोटो आहे," त्या म्हणाल्या. "कॅमेरा दिसला की पलंगाखाली जायचा. हा मी त्याला मिठीत धरून कसाबसा काढला."

"नाव काय?" ताईने विचारलं. असले प्रश्न तीच विचारते. पेंटर जमिनीकडे बघतो.

"पाहुणा. एका पावसात आडोशाला आला होता. आई म्हणाली, असू दे, पाहुणा आहे, सकाळी जाईल. अकरा वर्षं राहिला." त्या हसल्या आणि मग हसू पुसून टाकल्यासारखं गेलं. "दोन महिने झाले त्याला जाऊन. खिडकीपाशी आईची खुर्ची आहे. ती खुर्चीत आणि तो शेजारी, दिवसभर. तो गेल्यापासून आई त्या खुर्चीत बसलेली नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असते. जेव म्हटलं तर जेवते, बोल म्हटलं तर बोलते. पण खुर्चीत काही बसत नाही. चित्र शेजारी लावलं तर बसेल, असं आपलं मला वाटतं."

पेंटरने मान वर केली. "करतो," तो म्हणाला.

त्याने फोटो आपल्या फोनवर घेतला आणि नेहमीसारखं केलं. चेहरा मोठा करत करत पडदाभर कुत्राच आणला आणि माणूस बाहेर काढून टाकला. "माणसं मला जमत नाहीत," असं तो म्हणतो. पाहुणा देखणा होता. तपकिरी, एका डोळ्याभोवती काळा डाग, एक कान ताठ आणि दुसरा मधोमध दुमडलेला. चार दिवसांत चित्र झालं. नाक इतकं ओलं, की पुसावंसं वाटेल.

कंडक्टरबाई आईंना घेऊन आल्या. आजी काठी टेकत, एकेक पायरी मोजत चढल्या. डोळ्यांना कमी दिसायचं. चित्र त्यांनी नाकाजवळ धरलं, उजेडाकडे वळवलं, पुन्हा नाकाजवळ आणलं.

"छान आहे गं," आजी म्हणाल्या. "कुणाचा आहे?"

"आई! आपला पाहुणा आहे!"

"नाही."

"अगं, फोटोसारखा अगदी हुबेहूब..."

"असेल फोटोसारखा. आपला नाही हा." आजींनी चित्र पेंटरच्या हातात अलगद दिलं. "वाईट वाटून घेऊ नकोस हं, बाळा. चांगला काढलायस. कुणाचा असेल तो खूश होईल."

कंडक्टरबाई जिन्यावर मागे राहिल्या. "तिला नीट दिसत नाही हो," त्या पुटपुटल्या. पण चित्र त्यांनीही नेलं नाही. पेंटरचे कान लाल झाले होते. आजवर "जरा जाड दिसतोय" इथपासून "आमच्या नवऱ्यापेक्षा चांगला दिसतोय" इथपर्यंत सगळं त्याने ऐकलं होतं. हा आमचा नाही, हे कधीच ऐकलं नव्हतं.

त्याने दुसरं चित्र केलं. डाग गडद केला, मान बारीक केली. बघितलं, आणि स्वतःच बाजूला ठेवलं. मग ब्रश हातात घ्यायचंच सोडून दिलं. आठवडाभर माझ्यात तेच पाणी. वर साय धरली, काठावर तपकिरी वळं उमटलं. माळ्यावरचे खिळे बरे होते, असं मला वाटायला लागलं.

शेवटी ताईचं डोकं फिरलं. "घुम्या, चित्र नको काढूस, पण निदान ही घाण काढ! डास शिवायला बसतील माझ्या मशीनवर!" तिनेच मला नेलं, साबणाने घासून लख्ख केलं, काठोकाठ पाणी भरलं आणि टेबलावर आपटलं. तशीच पुढे होऊन भिंतीला टेकवलेल्या फोनवरचे रंगाचे डाग ओल्या फडक्याने पुसले. पुसताना तिचा हात लागला आणि मोठा केलेला फोटो पुन्हा लहान झाला. पाहुणा अख्खा दिसायला लागला, आणि त्याला मिठीत धरलेल्या कंडक्टरबाईसुद्धा.

फोन माझ्या मागे वीतभर अंतरावर होता. आणि इथे माझा गुण सांगायला हवा. स्वच्छ पाण्याने भरलेल्या गोल बरणीतून पलीकडची वस्तू बघा. थोडी लांब असली, तर डावी बाजू उजवीकडे दिसते आणि उजवी डावीकडे. हे मला पहिल्या दिवसापासून जमतं. कुणी वाकून बघितलंच नव्हतं.

पेंटर हनुवटी टेबलावर टेकून बसला होता. नजर समोर, म्हणजे माझ्यातून. आधी तो नुसताच बघत राहिला. मग त्याने डोळे बारीक केले. मग सरळ बसून माझ्या डोक्यावरून फोनकडे पाहिलं. पुन्हा वाकून माझ्यातून पाहिलं.

"ताई," तो म्हणाला. "बिल्ला."

"कसला बिल्ला?"

"कंडक्टरबाईंचा. फोटोत नंबर उलटा आहे. बरणीतून सुलटा दिसतो."

ताई वाकली. माझ्यात आकडे जरा फुगले होते, पण सरळ वाचता येत होते. सात, दोन, चार. फोनवर मात्र तेच आकडे पाठमोरे उभे होते.

"म्हणजे काय झालं रे?"

"त्यांनी स्वतःकडे फोन धरून काढलाय फोटो. काही फोन आरशासारखं दाखवतात आणि फोटोही तसाच उलटा ठेवतात." पेंटर उभाच राहिला. "अख्खा कुत्रा उलटा आहे, ताई. कान ह्या बाजूचा त्या बाजूला. डागसुद्धा. कंडक्टरबाई दोन महिने रोज हाच फोटो बघतायत, त्यांना तोच खरा वाटायला लागला. आजींना कमी दिसतं, त्यांनी फोटो बघितलाच नसेल कधी."

"आणि तू? जन्मभर आकडे रंगवलेस ना?"

"मी बाईंनाच कापून टाकलं होतं," पेंटर म्हणाला आणि कपाळावर हात मारला. एका दमात तो इतकं बोललेला मी तरी ऐकलं नव्हतं. ताईने तर हातातलं फडकंच खाली ठेवलं.

तिसरं चित्र दोन दिवसांत झालं. पण दुमडलेला कान त्याने कोराच ठेवला, नुसती पेन्सिलची रेघ. "आता फोटोला विचारणार नाही," तो म्हणाला. त्याने चित्र बगलेत मारलं, रंग आणि ब्रश खिशात घातले, मला पिशवीत ठेवलं आणि जो माणूस दुकानात सुटे मागायला लाजतो, तो एकटा कंडक्टरबाईंच्या घरी गेला.

आजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून होत्या. खिडकीपाशी खुर्ची. तिच्यावर घड्या केलेल्या कपड्यांचा ढीग.

"आजी," पेंटर म्हणाला. आवाज चिरकला. खाकरून पुन्हा म्हणाला, "आजी, मी चुकलो होतो. एक कान राहिलाय. तो कसा होता, ते मला माहीत नाही. तुम्ही सांगाल का?"

आजी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "तोंडाने कसं सांगू? हाताला ठाऊक आहे ते."

"मग हाताने सांगा."

कंडक्टरबाईंनी खुर्चीवरचे कपडे उचलले. आजी उठल्या. खुर्चीपाशी येऊन क्षणभर तिच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या, आणि बसल्या. डावा हात आपोआप खाली लोंबला. अंगठा आणि दोन बोटं हवेत काहीतरी चोळायला लागली.

"हा," त्या म्हणाल्या. "इथून मुडपलेला. वरून मऊ, आतून गरम. आणि टोकाला, बघ, एक खाच. कुणाशी तरी भांडून आला होता मेला. माझं नख बसायचं त्या खाचेत."

"खाच?" कंडक्टरबाई म्हणाल्या. "मला कधी दिसली नाही."

"तू कधी चोळलास कान?"

पेंटर जमिनीवरच बसला. मी त्याच्या गुडघ्याशी, त्यांच्याच घरचं पाणी भरून. त्याने ब्रश माझ्यात बुडवला, काठावर एकदा टेकवला आणि आजींच्या बोटांकडे बघत कान रंगवला. खाचेपाशी मोहरीएवढा कागद कोरा सोडला. रंग वाळल्यावर त्याने चित्र आजींपुढे धरलं.

चित्र हातात आलं तसं आजींनी ते नाकाजवळ धरलं. डाग बघितला. कान बघितला. मग नख त्या कोऱ्या खाचेवर ठेवलं.

"आलास होय रे?" त्या म्हणाल्या. "किती वाट बघायची माणसाने?"

कंडक्टरबाई तोंड फिरवून हातोडी आणायला गेल्या. खिळा ठोकायला त्यांनी भिंतीवर उंच जागा धरली, तसा आजींनी आवाज चढवला. "भिंतीवर कुठे टांगतेस? तो कधी भिंतीवर बसायचा का?"

म्हणून चित्र खुर्चीच्या डाव्या अंगाला, एका बुटक्या स्टुलावर उभं केलं. चित्रातला दुमडलेला कान बरोबर आजींच्या हाताच्या बाजूला आला. त्या दिवशी आजी दिवे लागेपर्यंत खुर्चीतून उठल्या नाहीत. जेवणही तिथेच मागितलं.

ह्याला आता तीन वर्षं झाली. माझ्या काठाचा एक टवका उडालाय आणि आत रंगाचं एक वळं कायमचं बसलंय. पहिलं, उलटं चित्र पेंटरच्या भिंतीवर आहे. हा कुणाचा, असं लोक विचारतात. ताई सांगते, "पाहुण्याचा भाऊ. ह्याला अजून घर मिळालेलं नाही." पेंटर आता फोटो आला की आधी माझ्यामागे ठेवतो, वाकतो, डोळे बारीक करतो. आणि कान कुठल्या बाजूचा, हे स्वतःच्या तोंडाने विचारतो.

माझं एकच मागणं आहे. उद्या परवा मी फुटेन, ते चालायचंच. पण तुमच्या घरात माझी एखादी बहीण कुठे खिळे सांभाळत बसली असेल, तर तिला खाली काढा. धुवा. पाणी भरा. मग तुमच्या लाडक्याचा फोटो तिच्यामागे वीतभर लांब ठेवा आणि वाकून बघा. तुम्हाला आठवतो तो तोच आहे का, याची एकदा खात्री करून घ्या.

आणि पाणी तेवढं बदलत जा.