फोटोभोवतीचं हिरवं कडं

नणंदेनं चौथ्यांदा सांगितलं, "अगं, दात दिसू देत जरा," तेव्हा मास्तरणीचा संयम सुटला.

"ताई, बावीस वर्षं मी लोकांचे दात बसवतेय. माझे बघायला कुणी मागितले नव्हते."

"म्हणूनच घरी बसलीयस," नणंद म्हणाली आणि मोबाइल पुन्हा डोळ्यांसमोर धरला. "हाताची घडी घाल. मान तिरकी कर. आत्मविश्वास दिसू दे, आत्मविश्वास!"

आता मान तिरकी केल्यानं आत्मविश्वास येत असता तर मानदुखीवाले सगळे साहेब झाले असते. पण मास्तरणीला बोलायची सोय नव्हती. लॅब बंद होऊन तीन महिने झाले होते. कवळ्या बनवायची लॅब होती ती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवायचे आणि त्यावरून ही मेणात एकेक दात रोवून कवळी उभी करायची. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला तिनंच शिकवलं, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. पुढे डॉक्टर मंडळी यंत्रावर कापलेले दात मागवू लागली, मालकानं शटर ओढलं आणि मास्तरीण सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी आली. पहिल्या महिन्यात तिनं घरातली सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या महिन्यात आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. तिसऱ्या महिन्यात नणंद आली.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. निवृत्त झाल्यावर तिनं मोबाइलवर आठ आठवड्यांचा कोर्स केला होता, ऑनलाइन ओळख कशी घडवावी याचा. तेव्हापासून जो तावडीत सापडेल त्याची ओळख ती घडवत सुटली होती. तिच्या घराखालच्या सलूनवाल्याला तिनं 'केशरचना सल्लागार' करून टाकलं होतं. तो बिचारा अजूनही दाढीच करत होता, पण आता जरा घाबरत घाबरत.

आता नोकऱ्यांच्या एका साईटवर तिनं मास्तरणीचं पान उघडून दिलं. मास्तरणीनं कामाच्या रकान्यात 'कवळ्या बनवते' असं लिहिलं. नणंदेनं ते पुसून 'हास्य-शिल्पकार' केलं.

"अहो ताई, हे वाचून लोक मला सर्कशीत बोलावतील!"

"तुला यातलं कळत नाही. आणि रोज काहीतरी टाकायचं. दिसत राहायचं. नुसतं चांगलं काम असून भागत नाही हल्ली."

पहिल्या दिवशी मास्तरणीनं वरच्या जबड्याच्या एका कवळीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, मागची दाढ जरा आत घेतली नाही तर गाल चावला जातो. नणंदेचा तासाभरात फोन. "शी! लोक चहा पीत असतात गं सकाळी!" दुसऱ्या दिवशी नणंदेनंच तिच्या नावानं लिहिलं की अपयश ही एक सुंदर सुरुवात असते. त्याला अकरा अंगठे मिळाले, त्यातले नऊ नणंदेच्या कोर्सातल्या बायकांचे. मास्तरणीनं ते वाचून कपाळावर हात मारला. अपयश कसलं? तिची एकही कवळी कधी परत आली नव्हती. यंत्र आलं यात तिचं काय चुकलं?

सगळ्यात शेवटी नणंदेनं फोटोभोवती एक हिरवं कडं लावलं. त्यात अक्षरं होती, 'कामाच्या शोधात'. पासवर्ड विसरायला नको म्हणून कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. नवरा तिथंच टेबलाशी बसला होता. बस डेपोत टाइमकीपर होता तो. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर रजिस्टरात दोनच मिनिटं लिहिणार, ड्रायव्हरनं कितीही गयावया केली तरी. त्यानं चष्मा वर करून ते कडं पाहिलं.

"हे असं सगळ्या जगाला दिसणार?"

"दिसायलाच तर लावलंय," नणंद म्हणाली.

तो उठून गॅलरीत गेला.

आणि खरंच, कधी नव्हे ते नणंदेच्या उपद्व्यापातून काहीतरी निघालं. दातांच्या मोठ्या दवाखान्यातला म्हातारा कवळीवाला काम सोडणार असल्याचं मास्तरणीच्या कानावर आलं. तिला थेट जाऊन भेटायचं होतं, पिशवीत दोन कवळ्या घेऊन. नणंद म्हणाली, असं दारात जाऊन उभं राहायचे दिवस गेले, साईटवरूनच निरोप टाक. तिनं टाकला. तिथले मोठे डॉक्टर म्हणजे तापट माणूस, गोड बोलणं माहीतच नाही. त्यांचं उत्तर आलं, "तुमची कामं माझ्या पेशंटांच्या तोंडात आहेत. चांगली आहेत. मंगळवारी फोन करतो."

मास्तरणीनं ते उत्तर किती वेळा वाचलं याला गणती नाही. यंत्रं सगळीकडे आली होती, हातानं कवळी करणारी आता हीच एक जागा उरली होती. ही गेली तर पुढे फक्त कपाटं.

मंगळवारी ती फोन घेऊन बाथरूमच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. फोन आला नाही. बुधवारी आला नाही. गुरुवारी सकाळी तिनं साईट उघडली आणि बघते तर त्रेपन्न लोकांनी तिचं अभिनंदन केलेलं. कशाबद्दल? तिला आधी वाटलं दुसऱ्याच कुणाचं पान उघडलं. पण तिरक्या मानेची ती बाई आपणच होतो. फोटोभोवतीचं कडं नाहीसं झालं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'संचालक, स्वतःची डेंटल लॅब'. साईटनं ही आनंदाची बातमी जगभर वाटून टाकली होती. सगळ्यात वर मोठ्या डॉक्टरांचा निरोप होता. "नव्या लॅबबद्दल अभिनंदन. म्हणजे आता माझी नोकरी तुम्हाला नको. दुसऱ्याला विचारतो आहे."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मास्तरणीला त्या क्षणी कळलं. तिनं नणंदेला फोन लावला.

"ताई, माझं वाटोळं केलंत तुम्ही! हास्य-शिल्पकार झालं, सुंदर अपयश झालं, आता संचालक? कुठाय माझी लॅब? दाखवा मला!"

"मी?" नणंद पलीकडून कडाडली. "अगं, मला वाटलं तूच मला न विचारता लॅब काढलीस! रात्रभर रागानं झोप नाही आली मला. तरी सकाळी उठून अभिनंदन केलं तुझं, मोठ्या मनानं. बघ, सातवं नाव माझं आहे!"

मास्तरणीनं पाहिलं. सातवं नाव नणंदेचंच होतं, पुढे टाळ्यांची चित्रं.

मग कोण? तिनं मान वळवली. नवरा डेपोला जायला निघालेला, एक पाय बुटात आणि दुसरा बाहेर. पण नाडी काही केल्या बांधून होत नव्हती.

"तुम्ही?"

तो खालीच बघत राहिला. "पासवर्ड फ्रिजवर होता," एवढंच म्हणाला.

"अहो, पण का?"

"डेपोत सगळ्यांच्या मोबाइलवर दिसलं ते हिरवं कडं. कंट्रोलर म्हणाला, काय हो, वहिनी काम मागतायत वाटतं? चारचौघांत. माझ्या बायकोच्या गळ्यात पाटी अडकवल्यासारखं वाटलं गं मला. ते काढलं, तर साईट विचारायला लागली, सध्या काय करता? रिकामं सोडवेना. म्हटलं, काहीतरी बरं लिहू."

"काहीतरी बरं! दोन मिनिटांचं खोटं लिहीत नाही तुम्ही आणि माझी अख्खी लॅब लिहून मोकळे झालात? लाज वाटली ना माझी?"

"तुझी नाही गं," तो म्हणाला. पण पुढे काय ते त्याला सांगता येईना.

मास्तरणीला रडू येत होतं आणि रडायचा राग येत होता. पण रडत बसायला वेळ कुठे होता? तिनं दवाखान्याचा नंबर फिरवला, फोन स्पीकरवर टाकला. मोठे डॉक्टर स्वतःच आले फोनवर.

"डॉक्टर, लॅब वगैरे काही नाही. मी घरीच आहे. मला काम हवंय."

"मग तिथं लिहिलंय ते?"

"ते... चुकून झालं."

"चुकून शुद्धलेखन बिघडतं बाई. संचालक चुकून होत नाही. माझ्याकडे पेशंटच्या तोंडाचं काम आहे. थापा मारणारं माणूस मी ठेवत नाही."

आता नवऱ्याचं नाव घ्यायचं की फोन ठेवायचा? भांडायला घरात कितीही भांडेल, पण परक्या माणसापुढे नवऱ्याला उघडं पाडायचं तिच्या जिवावर आलं. तेवढ्यात एका पायात बूट असलेला तो माणूस पुढे आला आणि फोनवर वाकला.

"डॉक्टर, मी तिचा नवरा. ते मी लिहिलं. तिला माहीतही नव्हतं. माझी बायको बेकार आहे. तीन महिने झाले. तिला कामाची गरज आहे."

पलीकडे मागे कुणीतरी चूळ भरल्याचा आवाज आला.

"कशाला लिहिलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बेकार म्हणायची लाज वाटली."

"ज्याला विचारलंय तो सोमवारी येतोय," डॉक्टर म्हणाले. "तिलाही पाठवा. नऊ वाजता. एकाच पेशंटची कवळी दोघांनी करायची, माझ्यासमोर. ज्याची नीट बसेल तो राहील. आणि तुम्ही येऊ नका." फोन ठेवला गेला.

दोघं तसेच उभे राहिले. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला होता. मास्तरणीला त्याचा राग आलेलाच होता, तो काही एका फोनानं जाणार नव्हता. पण या माणसानं घरातही 'बेकार' हा शब्द तीन महिन्यांत एकदाही उच्चारला नव्हता, हेही तिला ठाऊक होतं.

"बेकार म्हणालो मी तुला," तो पुटपुटला. "परक्या माणसापुढे."

"म्हणालात तर म्हणालात," ती म्हणाली. "आहेच मी. सोमवारपर्यंत."