नवव्या दाराची कॅसेट

मी कॅसेट बोलतेय. गाण्यांची नव्हे हो, टीव्हीवर खेळायच्या खेळाची. करड्या प्लास्टिकची, पोटात हिरवी पट्टी, तळाशी पितळी दात. आता दातांना गंज चढलाय, पण आठवण अजून शाबूत आहे.

माझा जन्म तमिळ मुलखातला, नुंगंबाक्कमच्या एका माडीवरचा. चार टेबलांची कंपनी होती ती. गिरीधर माझं डोकं बांधायचा आणि विशालाक्षी माझं रूप रेखायची. विशालाक्षी तंजावरकडच्या मराठी घरातली, राहायची मैलापूरला. तिनं माझ्यात नऊ दारं ठेवली, नवरात्राचे नऊ दिवस असावेत तशी. प्रत्येक दारापुढं एक कोलम, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी; नवव्यापुढं मात्र नुसता तेवता दिवा. ठिपके न चुकता जोडले की दार उघडायचं.

कंपनी लवकरच बसली. दुकानांत पोचले त्या माझ्या बहिणी कुठं गेल्या, देव जाणे. मला विशालाक्षीनं घरी आणलं आणि मी तिच्या कोलूत राहू लागले. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात ना, त्यांच्या पेटीत. वर्षभर मखमलीच्या तुकड्यात झोपायचं आणि नवरात्रात जागं व्हायचं. कुंकवाला आलेल्या बायका सुंडल, म्हणजे प्रसादाची उसळ, खात बसायच्या, त्यांची पोरं मला खेळायची. काय दंगा! काय भांडणं! मला ते फार आवडायचं.

मग मला टीव्हीला जोडणारा खोका बिघडला. त्या जातीचा दुसरा मिळेना. तरी दरवर्षी मी पायरीवर असायचेच, मुकी बाहुली होऊन.

विशालाक्षीची भाची हरिणी वेलचेरीला राहते, कंप्युटरच्या नोकरीत आहे. "आत्या, दे गं, दुरुस्त करून आणते," म्हणून तिनं मला नेलं. त्याच पावसाळ्यात तिच्या तळमजल्यात पाणी शिरलं. मी गढूळ पाण्यात रात्रभर बुडून होते. हरिणीनं मला उघडलं, पुसलं, पंख्याखाली वाळवलं. ही आता जगत नाही, या भीतीनं तिनं एका यंत्राला लावून माझ्या पोटातलं सगळं उतरवून घेतलं. कंप्युटरमध्ये एक बहुरूपी असतो, एम्युलेटर म्हणतात त्याला. तो जुन्या खोक्याचं सोंग घेतो. त्याच्यापुढं माझी नक्कल ठेवली आणि ती सुरू झाली! आनंदाच्या भरात पोरीनं ती नक्कल इंटरनेटवर, जुन्या खेळांच्या एका जागी जगाला देऊन टाकली.

विशालाक्षीला कळलं तेव्हा तिनं हरिणीला समोर बसवलं.

"मला विचारलंस?"

"कंपनी केव्हाच बंद पडली, आत्या. कुणाला विचारायचं?"

"मला. मी बंद पडलेय का? गिरीधर पडलाय? आमची नावंसुद्धा घातली नाहीस त्याच्यावर!"

त्यातून त्या नकलेखाली खेळणाऱ्यांचे शेरे. एक म्हणे, 'आहाहा, बालपण आठवलं!' आणि पाच तारे. त्यानं दुसरं दार तरी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. बाकी सगळे एकच रडत होते. 'नवव्या दाराशी खेळ अडकतो.' कोणी विद्युलता म्हणून होती, तिनं लिहिलं, 'कितीही बटणं दाबा, दिवा नुसता जळतो. मोडका खेळ. एक तारा.'

"पाण्यानं नववं दार खाल्लं," विशालाक्षी म्हणाली. "नवरात्र झालं की काढून टाक. मोडकं लेकरू चव्हाट्यावर नको."

"मी आपल्या सगळ्यांना सांगते ना, पाच-पाच तारे द्यायला!"

"पायसम न चाखता गोड म्हणणारे पाहुणे मला नकोत."

म्हणजे माझा शेवट ठरला होता. मी गंजलेली, आणि नक्कल पुसली जाणार.

सरस्वतीपूजेचा, नवरात्राचा नववा दिवस उजाडला. हरिणीनं मला मैलापूरला परत आणून पायरीवर ठेवलं होतं. शेवटचं म्हणून हरिणी सकाळपासून खेळत होती, ती नवव्या दाराशी आली. धडाधड बटणं दाबतेय, दिवा नुसता जळतोय. तेवढ्यात विशालाक्षी कुंकवाची कोयरी घेऊन आली.

"पुरे गं. तो डबा इकडं दे, पूजेत ठेवायचाय. आज हत्याराला हात लावतात का?"

तिनं लॅपटॉप उघडाच उचलला, माझ्याशेजारी पायरीवर ठेवला, कुंकू लावलं, फूल वाहिलं. पुस्तकं, वीणा, कात्री, सगळी तिथंच होती. आरती झाली. दोघी सुंडल खायला बसल्या.

आणि पडद्यावर कोंबडा आरवला. दिवा शांत झाला. नववं दार आपसूक उघडलं.

हरिणीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "आत्या! हे कसं?"

विशालाक्षीनं कपाळावर हात मारला. "अय्यो! अगं, ते तसंच आहे! नवव्या दिवशी हात लावायचा नाही. हात बाजूला ठेवला की पहाट होते. आमच्याकडच्या पोरांना हे सांगावं लागलंच नाही, ती सुंडल खायला उठायचीच. साऱ्या जगाला ठाऊक असेल असं धरून बसले मी! ती माणसं खोटी नाहीत गं. त्यांना दार दिसलं, रीत दिसली नाही."

मग हसू लागली, डोळे पुसत पुसत. लगेच गिरीधरला फोन लावून नकलेचं विचारलं. तो तिकडून ओरडला, "राहू दे की, विशालाक्षी! नाहीतर आपण गेल्यावर कोण खेळणार होतं?"

नक्कल राहिली, दोघांच्या नावानिशी, दोघांच्या संमतीनं. खाली विशालाक्षीनं सांगून लिहवलं, 'नवव्या दाराशी हात बाजूला ठेवा. काहीतरी खाऊन या.'

पुढच्या आठवड्यात विद्युलतेनं आपला शेरा बदलला. 'चहा करून आले. दार उघडं होतं. मी रडले.' तारे द्यायचे मात्र विसरली.

मी आता कुणाच्या टीव्हीत शिरणार नाही. मखमलीत निजते, नवरात्रात उठते. बाबांनो, नक्कल करा, पण धनिणीला आधी विचारा. आणि मला मोडकी म्हणण्यापूर्वी जरा हात खाली ठेवा. पहाट व्हायला थोडा वेळ लागतो.