डॅशबोर्डवरची गोम

भरदुपारच्या उन्हात चाळीसेक टॅक्सी ड्रायव्हर शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीकडे तोंड करून उभे होते. मागे वळून बघेल त्याच्या डॅशबोर्डची भेग दुप्पट होईल, असे मंत्राने तडे जुळवणाऱ्या तडेमहाराजांनी बजावले होते. त्यांच्या पाठीमागे काळ्या कापडाने झाकलेली एक टॅक्सी होती आणि आत महाराज एकटेच बसले होते. सोबत त्यांची ती लांबरुंद पेटी, जिला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. धूप इतका जाळला होता की श्रद्धा नसलेल्यांच्याही डोळ्यांना पाणी येत होते.

तासाभराने कापड निघाले. "बघा आता!"

सगळे गाडीवर तुटून पडले. सकाळी ज्या डॅशबोर्डच्या भेगेत बोट जात होते, तो नव्यासारखा गुळगुळीत झाला होता. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने तर बॉनेटला मिठीच मारली.

टॅक्सी माझ्या मेहुण्यांची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची होती. महिन्यापूर्वी त्यांची गाडी एका ट्रकवर आदळता आदळता वाचली होती आणि तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावण्याआधी ते तीनदा देवाचे नाव घेत. ते महाराजांच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडत होते.

मी मागे उभा राहून हसत होतो. स्टँडसमोरच माझे सीट कव्हरचे दुकान आहे. मी का हसत होतो ते सांगायची आज लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही.

"डॅशबोर्ड म्हणजे गाडीचं कपाळ!" महाराज गर्जले. "कपाळ फुटकं त्याचं नशीब फुटकं. इंजिन, ब्रेक, टायर हे सगळं शरीर. मिस्त्री शरीराला हात घालतो, मी आत्म्याला! आता एकवीस दिवसांचा नेम. गाडीला लोखंड लागता कामा नये. पाना नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही. डॅशबोर्डवर ओलं फडकंसुद्धा नाही."

मग त्यांनी डोळे मिटून गर्दीतल्या एका अनोळखी ड्रायव्हरकडे बोट केले. "तुझी भेग डाव्या बाजूला. हवेच्या जाळीपासून निघते आणि खाली वळते. खरं की खोटं?"

"खरं, महाराज! पण तुम्ही तर माझी गाडी बघितलीच नाही!"

पुन्हा टाळ्या. स्टँडवरच्या साऱ्या टॅक्सी एकाच जुन्या मॉडेलच्या. त्या जाळीपाशी प्लास्टिक पातळ आहे आणि ऊन बरोबर तिथेच पडते, त्यामुळे दहातल्या नऊ गाड्या तिथूनच तडकतात. हे सांगायला अंतर्ज्ञान नको, माझ्या दुकानात आठवडाभर बसले तरी पुरे. पण स्वतःची भेग रोज बघणाऱ्याला शेजाऱ्याच्या गाडीत डोकावायची गरज कधी वाटली नव्हती.

एवढ्यात माझी आठ वर्षांची भाची गर्दीतून आत घुसली आणि डॅशबोर्डकडे बघत म्हणाली, "बाबा, माझी गोम कुठे गेली?"

तीन वर्षांची असताना तिने त्या भेगेला बॉलपेनने दोन्ही बाजूंनी पाय काढले होते. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला आठ, कारण मध्येच तिला झोप लागली. घरात त्या भेगेला सगळे गोमच म्हणत.

महाराज गोड हसले. "बाळ, ती गोम म्हणजेच बाधा होती. ती गेली."

"पण पाय तर भेगेच्या बाहेर होते. ते कसे गेले?"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," मेहुणे खेकसले. लोक हसले. तिच्या प्रश्नाला उत्तर मात्र कोणी दिले नाही, आणि उत्तर माहीत असूनही मी दिले नाही.

दोन दिवसांनी ताई दुकानात आली, सोबत भाची. ताईचा चेहरा उतरला होता.

"अरे, ब्रेकचं पेडल खाली खाली जातंय. मिस्त्रीनं गाडीखाली वाकून बघितलं, म्हणाला नळी कुजलीये, तेल गळतंय, गाडी आत्ताच्या आत्ता इथे सोडा. पण हे ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात एकवीस दिवस लोखंड लावायचं नाही, कपाळ जुळलंय आता ब्रेक काय करणार आहे! तू बोल ना त्यांच्याशी."

भाचीने माझी बाही ओढली. "मामा, आधी डॅशबोर्डवर टिचकी मारली की टक वाजायचं. आता डब वाजतं. त्यात काहीतरी गोम आहे."

पोर शब्दावर कोटी करत नव्हती, पण माझे हसू तिथेच आटले. तोपर्यंत मला वाटत होते, लोक खुळे बनताहेत तर बनू देत, डॅशबोर्डने कोणाचा जीव जात नाही. डॅशबोर्डने जात नाही. ब्रेकने जातो.

मी छोटी सुरी घेतली आणि तडक स्टँड गाठला. महाराज तिथेच होते, पुढच्या गाडीची तयारी चालली होती. मी मेहुण्यांच्या टॅक्सीचे दार उघडले, जाळीच्या कडेला सुरीचे टोक घातले आणि सगळ्यांदेखत ओढले. करकर आवाज करत डॅशबोर्डची अख्खी साल निघून माझ्या हातात आली. खाली भेग होती तशीच होती. आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाय, अकरा आणि आठ.

"माझी गोम!" भाची ओरडली.

"ही टोपी आहे," मी ती साल उंच धरून म्हणालो. "या मॉडेलच्या मापाचं तयार झाकण. गम लावून बसवायचं, झालं. महाराजांच्या पेटीत दुसरं काही नसतं. धूप कशाला, तर गमचा वास येऊ नये म्हणून. लोखंड का नको, तर मिस्त्रीच्या नजरेला पडू नये म्हणून. ओलं फडकं का नको, तर कड सुटू नये म्हणून. मला कसं माहीत? आतल्या बाजूला हा पिवळ्या खडूचा किमतीचा आकडा बघा. हा माझ्या हातचा आहे. या टोप्या मीच विकल्या; इथे कोणी घेत नव्हतं, मागच्या खोलीत पडून होत्या. बाहेरगावी गॅरेज आहे असं सांगून महाराजांचा माणूस न्यायचा. पहिल्या चमत्काराच्या दिवशीच मी माल ओळखला होता. ओळखून गप्प बसलो, कारण माल खपत होता. त्यांनी तुम्हाला टोपी घातली, पण पुरवली मी."

लोक पुढे सरकून खडूचा आकडा बघू लागले. मला वाटले, जिंकलो.

महाराज शांतपणे म्हणाले, "लोखंड लावलंस. नेम मोडलास. जुळलेलं कपाळ तू पुन्हा फोडलंस. आता जे होईल ते तुझ्या माथी."

तेवढ्याने पारडे फिरले. टोपी माझ्या हातात होती, खडूचा आकडा समोर होता, तरी चाळीस जोडी डोळे माझ्या हातातल्या सुरीकडे बघत होते. मेहुणे पांढरेफटक पडले होते. "काय केलंस हे!" ते म्हणाले. "भाऊजी, मिस्त्रीकडे चला, मी गाडी ढकलत नेतो," मी हात धरून म्हणालो. त्यांनी हात झटकला आणि महाराजांच्या पायावर डोके ठेवले. नवा नेम मिळाला. या वेळी चाळीस दिवसांचा.

तो चौथ्या दिवशी संपला. उताराच्या रस्त्यावर पेडल तळाला टेकले ते वर आलेच नाही. गाडी गोदामाच्या भिंतीत घुसली. मेहुण्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कुजलेली नळी मिस्त्रीने स्टँडवर आणून सगळ्यांना दाखवली, बोटाने दाबली तर तिचा भुगा पडत होता. लोकांनी ती बघितली आणि म्हणाले, "महाराज बोलले होते. सुरी लावली म्हणून झालं." ताईसुद्धा तेच म्हणाली. महाराज आता दुसऱ्या गावी कपाळे जुळवतात. इथला चमत्कार उघडा पडला असे कोणी म्हणत नाही. इथला चमत्कार मी मोडला, असे म्हणतात.

मी टोप्या विकणे बंद केलेले नाही. भेगा झाकण्यात पाप नाही, माणसाला गाडी नीटनेटकी दिसावीशी वाटते. पण आता प्रत्येक टोपीवर, आत नव्हे बाहेर, ड्रायव्हरला दिसेल अशी चिठ्ठी डकवतो: 'हे झाकण आहे. खालची भेग तशीच आहे. ब्रेक तपासून घ्या.' गिऱ्हाईक ती खरवडून काढते. मी पुढच्या टोपीवर पुन्हा लावतो.

गेल्या महिन्यात मेहुणे कुबड्या टेकत दुकानात आले. अपघातानंतर पहिल्यांदाच. भाची सोबत होती. ती भिंतीला टेकवलेल्या टोप्यांवर एकेक टिचकी मारून कान लावत होती. मेहुण्यांनी एका टोपीवरची चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली, ओठ हलवत.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हे आधी लिहायला हवं होतंस."

त्यांचे खरे होते. म्हणून ही गोष्ट लिहिली. कोणी तुमच्या डोळ्यांसमोर चमत्कार केला तर हात जोडण्याआधी त्यावर एक टिचकी मारून बघा, आणि आतून पोकळ आवाज आला तर लगेच, मोठ्याने सांगा. माझ्यासारखे हसत मागे उभे राहू नका.