आरशातले राजाभाऊ

राहायचा ट्रेलर बघायला जायचं ठरलं, तेव्हाच विभावरीने नकाराची कारणं मनात रचून ठेवली होती. ओटा लहान असेल, न्हाणीघरात वळता येणार नाही, गादी टोचेल. खरं कारण मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. नवऱ्याबरोबर सलग महिन्याच्या वर राहायची तिला सवयच नव्हती.

राजाभाऊ अबुधाबीच्या समुद्रातल्या तेलाच्या रिगवर. महिना तिकडे, महिना घरी. आधी बर-दुबई भागातल्या खोलीत, मग जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटमध्ये, पण गणित तेच. लेकीची शाळा, एसीवाला, घरमालक, पाचव्या परीक्षेत कसंबसं मिळालेलं ड्रायव्हिंग लायसन, सगळं विभावरीने एकटीने निभावलं. ते घरी यायचे तो पहिला आठवडा सणासारखा जायचा. चौथ्या आठवड्यात ‘साखरेचा डबा कुठे असतो गं?’ असं पुन्हा ऐकू आलं, की ती त्यांची बॅग काढून दाराशी ठेवायची. जायला अजून चार दिवस असले तरी.

आता ते निवृत्त झाले होते, रिटायरमेंट व्हिसा आला होता आणि फ्लॅट सोडून त्यांना चाकांवरच्या घरात राहायचं होतं. हिवाळाभर हत्ता, फुजैरा, पुढे ओमान, उन्हाळ्यात पुणे. ओवीने टोरांटोहून लिहिलं, ‘सो कूल, बाबा.’ आणि आईला वेगळं, ‘यू ओके?’ त्यावर विभावरीने अंगठा पाठवला होता.

शारजाच्या पलीकडे, सजा नावाच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला यूनुसभाईंचं आवार होतं. माणूस मूळचा रत्नागिरीचा. ट्रक विकता विकता ट्रेलरही विकायला लागलेला. आवारात शिरल्यावर विभावरी रचलेलं सगळं क्षणभर विसरली. समोर घर उभं होतं. खिडक्या, पायऱ्या, दिवा, सगळं असलेलं पांढरंशुभ्र घर, आणि खाली चाकं. पुढचा भाग हत्तीने मान वर करावी तसा उंच उचललेला.

“हा भाग ट्रकच्या मागे नाही लटकत, वहिनी,” यूनुसभाई म्हणाले. “ट्रकच्या पाठीवर बसतो. ही बघा थाळी, हिला म्हणायचं फिफ्थ व्हील.”

ट्रकच्या हौद्यात ग्रीस माखलेली, परातीएवढी लोखंडी थाळी होती. लाल ट्रक हळूहळू मागे आला, घराच्या मानेखालचा जाड खुंटा थाळीच्या खाचेत शिरला आणि खट् असा आवाज झाला. एवढं मोठं धूड एवढ्याशा खुंट्यावर. विभावरीचा हात नकळत छातीशी गेला.

आत ओटा लहान नव्हता. न्हाणीघरात वळता येत होतं. तीन पायऱ्या चढून गेलं की ट्रकच्या पाठीवर येणारी झोपायची खोली. तिने शेवटचं कारण काढलं.

“देव कुठे ठेवायचे? रोज गाडी फिरणार, रोज पूर्व बदलणार.”

“आम्ही नाय का रोज नमाजाला किब्ल्याची दिशा शोधत?” यूनुसभाई म्हणाले. “फोनवर बाण येतो. तुमच्या देवांनापण दाखवेल.”

राजाभाऊ हसले. तिलाही हसू आलं, त्याचा राग आला.

“मग लालच ट्रक घेऊ ना?” राजाभाऊ म्हणाले. कितीतरी दिवस फोनवर त्याचेच फोटो बघत होते.

“थांबा. माझी एक रीत आहे,” यूनुसभाईंनी दूरची दोन निळी पिंपं दाखवली. “नवराबायकोने ट्रेलर रिव्हर्समध्ये त्या दोन्हींच्या मधे लावायचा. लग्नाआधी पत्रिका बघतात, तशी मी ही बघतो. मागच्या महिन्यात एक जोडपं इथून दोन वेगळ्या टॅक्सींनी परत गेलं.”

राजाभाऊ चालवायला बसले, विभावरी मागे उभी राहिली. ‘आणा, आणा, अहो डावीकडे, तुमच्या नाही, माझ्या,’ असं ती ओरडत राहिली आणि ट्रेलर शांतपणे भलतीकडे वळत पिंपावर जाऊन टेकला. आडवं झालेलं पिंप गडगडत गेलं. राजाभाऊ खाली उतरले. आता चिडणार, असं तिला वाटलं.

“चूक माझी,” ते म्हणाले. “मी चुकीच्या जागी बसलो. तू चालव.”

“मी? हे?”

“दुबईत रोज कोण चालवतं? मी तर महिन्याआड येणारा पाहुणा.” मग ते तिच्या अगदी जवळ आले. “ट्रेलरकडे बघायचं नाही. आरशात फक्त मला बघायचं. मी दिसेनासा झालो, की जागच्या जागी थांबायचं. बास.”

ते दिसत नसताना थांबायचं म्हटलं असतं, तर ओवी बालवाडीतसुद्धा पोचली नसती, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती चढून बसली.

“स्टिअरिंग खालून धरा,” यूनुसभाई खिडकीशी येऊन म्हणाले. “शेपूट जिकडे न्यायची तिकडे हात. उलटसुलट डोक्यात आणायचंच नाय.”

तिने आरशात पाहिलं. दूर, वाळूच्या उजेडात राजाभाऊ उभे होते. पण हे घरातले राजाभाऊ नव्हते. पाय रोवलेले, पाठ ताठ, एक हात वर. त्या हाताची बोटं हळू फिरली आणि तिचा पाय आपोआप ब्रेकवरून हलका झाला. तळहात डावीकडे कलला, तिचा हात कलला. दोन तळहात एकमेकांजवळ येऊ लागले, म्हणजे आता थोडंच उरलं, हे तिला कुणी न शिकवता कळलं. एक शब्द नाही. एवढं मोठं घर त्या बोटांच्या टोकाला बांधल्यासारखं मागे सरकत होतं.

रिगवर क्रेनला इशारे देतो, एवढंच ते इतकी वर्षं सांगत आले होते. तिला वाटायचं, हात हलवायचे, त्यात काय. खाली खवळलेला समुद्र, डोलणारी बोट, हवेत लोंबणारा कंटेनर, आणि वर केबिनमधल्या माणसाने फक्त या हातांवर विसंबायचं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. आज त्या केबिनमध्ये ती होती. तिचे डोळे भरून आले आणि आरसा धूसर झाला. तिने ब्रेक दाबला.

“काय झालं?” यूनुसभाईंनी विचारलं.

“काही नाही. दिसत नव्हतं.”

डोळे पुसून ती पुन्हा निघाली, पण शेवटच्या वळणाला ट्रेलरच्या भिंतीने सगळा आरसा व्यापला. राजाभाऊ खरंच गेले. ती थांबली. ते धावत बाजूला आले, पुन्हा दिसले, पुन्हा गेले.

“या ट्रकचे आरसे लहान आहेत,” ती खाली उतरून म्हणाली. “तो दुसरा आहे ना, मळक्या रंगाचा, त्याला चांगले बाहेर आलेले आरसे आहेत. तो लावून बघू.”

“जुना आहे तो, विभा,” राजाभाऊ म्हणाले. “आणि लाल किती—”

“चालवणार कोण?”

मळक्या ट्रकच्या आरशात ते डोक्यापासून बुटांपर्यंत मावले. वळणाला सगळं पांढरं झालं, तरी खालच्या फुगीर आरशात एक चिमुकला माणूस हात वर करून उभा राहिला. तिने नजर हलवली नाही. पिंपांच्या मधे घर अलगद शिरलं. आरशातली मूठ मिटली, तशी ती थांबली.

“झाली पत्रिका,” यूनुसभाई म्हणाले. “पण वहिनी, रस्त्यावर न्यायला मोठ्या गाडीचं लायसन लागेल. परीक्षा आहे.”

“पाच वेळा दिलीय मी. सहाव्यांदा देईन.”

राजाभाऊ घामेजून आले होते. ट्रकच्या पायरीला हात टेकून उभे राहिले. लाल ट्रककडे त्यांनी एकदा बघून घेतलं, मग वाळूकडे बघत म्हणाले, “चौथ्या आठवड्यात तू बॅग दाराशी ठेवतेस, ते मला माहीत आहे हं.”

इतकी वर्षं तिला वाटत होतं, ते त्यांच्या लक्षातच येत नाही.

“या घराला दार एकच आहे,” ते म्हणाले. “तिथे ठेवलीस तर अडखळू. कुठे ठेवायची?”

विभावरीने त्या उंच खोलीकडे पाहिलं. तिथल्या पलंगाची फळी उचलली की खाली खोल जागा होती, तिने मघाशीच बघून ठेवलेली.

“पलंगाखाली,” ती म्हणाली. “अगदी तळाशी. लागणार नाहीये लवकर.”