पोळ्यात गेलेला विश्वंभर

मेल्यावर माणूस किती सुधारतो हे पाहायचं असेल, तर डोंगरकड्याकडच्या त्या गावात विश्वंभरची चौकशी करावी. जिवंतपणी ज्याला पाहून लोक गल्ली बदलायचे, तो आता देवमाणूस झाला होता. म्हणे, कोणाच्याही अडचणीला धावायचा. त्याचा जुना दोस्त रामकिशन हे ऐकून मिशीत हसायचा. विश्वंभर धावायचा खरा, पण कोणाच्या तरी मागे, बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून. तरुणपणी या जोडीनं ज्यांची डोकी फोडली, तेच आता त्याच्या फोटोला हार घालत होते. तरी असा दोस्त रामकिशनला पुन्हा मिळाला नाही.

त्याला मारलं सटवाजीनं, पोळ्याला, वेशीतल्या तोरणाखाली. तिथून पहिली जोडी नेण्याचा मान एक साल विश्वंभरच्या घराचा, एक साल सटवाजीच्या. भांडण मानावरून झालं, एवढंच गाव सांगे. सटवाजी जेल भोगून म्हातारा होऊन परतला.

यंदा मान सटवाजीचा होता आणि परतल्यापासून पहिल्यांदाच त्यानं स्वतः कासरा धरला. जोडी तोरणापाशी आली, तसा सुरज उभारी घेऊन आडवा झाला. हा विश्वंभरचा पोरगा. बाप गेला तेव्हा पाळण्यात होता.

"माज्या बापाच्या रक्तावरून बैल नेतो व्हय रं, म्हाताऱ्या?"

सटवाजीच्या लेकांनी दगड उचलले. पहिलाच सुरजच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं, तरी त्यानं थोरल्याचा हात कोपरातून मोडला आणि तो म्हाताऱ्याकडे वळला. सटवाजीनं कासरा सोडला नाही.

रामकिशन मधे शिरला. "थांब सुरज. पहिला घाव तुज्या बापानं घातला व्हता."

"काका, बाजूला व्हा."

"माणसाला न्हाई, बैलाला घातला. मान सटवाजीचाच व्हता त्या साली. तुजा बाप पिऊन आल्ता. ह्यांच्या बैलाचं शिंग त्यानं बुडातून काढलं. म्या बाजूलाच व्हतो."

गर्दीतल्या कोणी वर पाहिलं नाही. पोळ्याला बैलावर कोणी चाबूकसुद्धा उगारत नाही. मेलेल्याच्या नावावर हे पाप कसं लावायचं, म्हणून गाव मुकं राहिलं होतं. सटवाजी ओरडून सांगायचा. पण खून करणाऱ्याचं कोण ऐकतो?

"खोटं बोलून राहिले तुमी," सुरज म्हणाला आणि उभारी रामकिशनच्या खांद्यावर उतरली. गळ्याजवळचं हाड कटकन मोडलं. दुसरा फटका बरगडीत. रामकिशन तोंडावर मातीत पडला. जिभेवर रक्त आलं आणि मनात आलं, पोरगं बराबर बापासारखंच मारतं.

तिसरा फटका आला नाही. सुरज गर्दीतल्या आईकडे, केशरबाईकडे पाहत होता.

"आये, खोटं हाय न्हवं हे?"

केशरबाईनं पदर तोंडाला लावला. सुरजच्या हातून उभारी गळाली. तेवढ्यात सटवाजीच्या धाकट्यानं पुन्हा दगड उचलला.

"टाक तो," सटवाजी म्हणाला. "बैल ताटकळलेत." आणि तोरणाखालून पुढे गेला.

डॉक्टर रामकिशनला म्हणाले, नांदेडला जा. पण पोळा टाकून कोण जातो? संध्याकाळी हात गळ्यात बांधून तो आपली जोडी घरोघर फिरवत केशरबाईच्या दारी आला. तिनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली.

"वहिनी," तो म्हणाला.

"बैल फुडं न्या, भावजी," केशरबाई म्हणाली, आणि दार लावून घेतलं.