गटारातून आलो, पाय वाचवला

मी फेज बोलतोय. जंतूंना खाऊन जगणारा विषाणू. डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान, आणि जन्म कुठला, तर जॉर्जिया देशातल्या तिबिलिसी शहराच्या गटारातला! लाजायचं कशाला? जिथे जंतू, तिथे आमचं घर.

तिथून फेजांवर संशोधन करणाऱ्या एतेरीबाईंनी मला बाटलीत भरून आपल्या प्रयोगशाळेत आणलं. त्या घाईत होत्या. वाझा नावाचे नाच शिकवणारे गुरुजी इस्पितळात पडून होते. साखरेचा आजार, तळपायाला जखम, आणि तिच्यातला जंतू कुठल्याच प्रतिजैविकाला जुमानेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत फरक पडला नाही, तर पाय कापावा लागेल."

एतेरीबाईंनी तो जंतू काचेच्या बशीत वाढवला आणि एकेक फेज त्याच्यावर सोडून पाहिला. प्रयोगशाळेतले जुनेजाणते फेज हरले. माझा थेंब पडला तिथे मात्र सकाळी जंतूंच्या गढूळ थराला स्वच्छ भोक! आम्ही असेच हट्टी. इतर जंतूंकडे ढुंकूनही बघत नाही. पण आपला सापडला की आत शिरतो, एकाचे शंभर होतो नि त्याला फोडून बाहेर पडतो.

मला गाळून, शुद्ध करून कुपीत भरलं. वाझांची बायको लामारा कुपी उजेडात धरून म्हणाली, "हे तर नुसतं पाणी दिसतंय!"

"पाणीच आहे काकू, पण त्याच्या पोटात फौज आहे," एतेरीबाई म्हणाल्या.

"आणलीत कुठून?"

एतेरीबाईंनी खरं ते सांगितलं. लामाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. वाझा मात्र पलंग हलेपर्यंत हसले. "अगं, चाळीस वर्षं माझे मोजे धुतेस, आणि गटाराला घाबरतेस? ओता हो!"

भिजवलेली पट्टी जखमेवर बसली. खरं सांगतो, मलाही धास्ती होती. जंतू पार खोलवर दडले होते. तिसऱ्या दिवशी दुर्गंधी गेली. शुक्रवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली, वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मांस गुलाबी झालंय. पाय राहतोय!"

लामारा रडली, आणि डोळे पुसत पुसतच सगळ्या वॉर्डाला खाचापुरीच्या गरम रोट्या वाटत सुटली. चीज ओघळणारा सगळ्यात मोठा तुकडा डॉक्टरांच्या तोंडात स्वतः कोंबला.

जंतू संपले, तसे तिथले माझे भाऊबंदही संपले. खायलाच काही उरलं नाही! त्याचं दुःख नाही.

राहिलेले आम्ही आता प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये असतो. एकच विनवणी: साध्या सर्दीला प्रतिजैविकांच्या गोळ्या गिळू नका. त्यानेच जंतू शिरजोर होतात.

आज बाटुमी शहरातून एका बाळंतिणीच्या जखमेचा नमुना आलाय. तिचा जंतू माझा असेल की नाही, कोण जाणे. नसला, तर एतेरीबाई दुसरा कुणी शोधून काढतीलच.

थांबा, झाकण उघडतंय. येतो!