आठवं समीकरण

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराज, समोर काचेचा पेला, पेल्यात नितळ पाणी आणि पाण्यात एक नळी.

"गेलेलं माणूस कुठे जात नाही, तुमच्या श्वासात राहतं," महाराज शब्द घोळवत होते. "त्याची आठवण काढा आणि फुंका. प्रेम खरं असेल तर ते पाण्यात उतरेल!" पेल्याला हात लावायचा नाही, एवढीच अट.

गर्दीतून एक रंगारी पुढे झाला. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली होती. त्याने डोळे मिटून फुंकलं आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं. लोकांनी हात जोडले. त्याला थांबवेना, तो फुंकतच राहिला. हळूहळू पाणी पुन्हा निवळलं.

"गेली," महाराज म्हणाले. "उद्या परत बोलाव."

महाराजांच्या शिष्याने पेला नव्याने भरला आणि रंगाऱ्याच्या दहावीतल्या मुलीची पाळी आली. पाण्यात काय घातलंय, असं तिने आदल्या दिवशी शिष्याला विचारलं होतं, आणि असले प्रश्न महाराजांच्या कानावर लगेच जायचे. तिने जीव खाऊन फुंकलं. बुडबुडे आले, बाकी काही नाही.

"पोरीची मायाच आटली आहे," महाराजांनी उसासा टाकला.

शंभर माणसं तिच्याकडे बघत होती. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. पण वडिलांनी मान फिरवली, ते जिव्हारी लागलं.

त्यानंतर वडील कामावरून परस्पर सभागृहात जाऊ लागले. ती एकटी जेवायची, रेडिओ लावायची आणि बंद करायची. एकदा तर तिने भाजी कशी झाली म्हणून स्वतःलाच मोठ्याने विचारलं. शेवटी वडील म्हणाले, "महिनाअखेर मी महाराजांकडेच राहायला जातो. तू मावशीकडे राहा."

"मी पण येते ना, अप्पा."

"तू असलीस की ती येत नाही म्हणतात," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

ती दप्तराकडे वळली. वही उघडून बसली. विज्ञानाच्या बाईंनी दहा रासायनिक समीकरणं संतुलित करायला दिली होती. बाणाच्या डावीकडे जेवढे अणू, तेवढेच उजवीकडे हवेत. नवं काही येत नाही, जुनं कुठे जात नाही. सात झाली आणि आठव्याने दमवलं. चुन्याची निवळी अधिक कार्बन डायऑक्साइड, बाण, कॅल्शिअम कार्बोनेट अधिक पाणी. तिने इथे दोन लावून पाहिले, तिथे तीन, दरवेळी काहीतरी जास्तच व्हायचं. शेवटी सगळे आकडे खोडून तिने नुसतं मोजलं. कॅल्शिअम एक, कार्बन एक, हायड्रोजन दोन, ऑक्सिजन चार. दोन्हीकडे तेवढेच! मुलांची परीक्षा बघायला बाई मुद्दाम एखादं आधीच जुळलेलं समीकरण घालायच्या.

पडताळायला तिने पुस्तक काढलं. तिथे लिहिलं होतं, 'निवळी दुधाळ होते. वायू जास्त सोडल्यास ती पुन्हा नितळ होते.' तिने ते दोनदा वाचलं. आपण फुंकतो त्या श्वासातही हाच वायू असतो.

रंगाऱ्याच्या घरी चुन्याला काय तोटा! बादलीतलं वरचं स्वच्छ पाणी तिने अलगद पेल्यात घेतलं आणि नळीने फुंकलं. पाणी पांढरं झालं.

"आई!" तिच्या तोंडून निघून गेलं.

मग तिने दुसरा पेला भरला आणि मनात सतराचा पाढा म्हणत फुंकलं. तेही पांढरं झालं. ती तिथेच फरशीवर बसून रडली. आपली माया आटली नव्हती, हे तिला कळलं होतं. आई आली नव्हती, हेही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात तिने नीट पाहिलं. शिष्याजवळ पाण्याचे दोन जग होते.

"अप्पांना दिलंत त्याच जगमधलं मला द्या," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

"हट्ट बरा नव्हे, बाळ," महाराज गोड हसले. पण लोकच म्हणाले, द्या की. शिष्याने चाचरत पेला भरला. तिने तो उचलून थेट वडिलांपुढे धरला.

"फुंकू नका, अप्पा. बोटं बुडवा."

रंगाऱ्याने बोटं बुडवून एकमेकांवर घासली. वीस वर्षं ज्यात हात घातले, तो बुळबुळीतपणा त्याला डोळे मिटूनही कळला असता. त्याचा चेहरा उतरला.

"चुना आहे हा," तो म्हणाला. महाराजांनी रंगाऱ्यालाच चुना लावला होता.

"कुणीही फुंकलं तरी पांढरंच होतं," मुलगी म्हणाली. "जास्त फुंकलं की निवळतं. मला साधं पाणी दिलं होतं. महाराज, तुम्हीच फुंका ना!"

"आज माझं मौन आहे," महाराज म्हणाले.

लोक हसले. पण मागच्या रांगेतली एक आजी रडत होती. "माझा मुलगा यायचा गं. कशाला बोललीस?"

रस्त्यात वडिलांनी बोटं सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "म्हणजे ती आलीच नव्हती?"

"नाही, अप्पा."

"मी तुझ्याकडे पाठ केली."

"हो," ती म्हणाली. जाऊ द्या, असं तिला म्हणवेना. वडिलांनी तिचा हात धरला, आणि तिने तो सोडवला नाही.

वाचकहो, दुःख खरं असतं, पण म्हणून ते पुसायला आलेला माणूस खरा ठरत नाही. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी मोजा. आधी काय होतं, मागून काय आलं, आणि मधे कुणाचा हात फिरला? घरातलं कुणी गेलं असेल तर त्याच्यासाठी पोटभर रडा. आणि जे मागे उरलंय, ते घरी एकटं जेवतंय का, तेवढं बघा.